चाळीस फुटांचा रॅम्प

रॅम्प खरंच चाळीस फुटांचा होता. योगेंद्रभाई खोटं बोलले नव्हते, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. स्टेजच्या मधोमध निघून तो थेट हॉलच्या पोटात शिरलेला, दोन्ही कडांना बल्बच्या माळा, वर लाल गालिचा, आणि जमिनीपासून माझ्या कमरेएवढा उंच. परवा इथे कुठल्याशा व्यापाऱ्याचा साड्यांचा शो झाला. मुली यावरून चालल्या असतील, टोकाला जाऊन वळल्या असतील, पदर उडवून परत गेल्या असतील. त्यावर जायचं तर आधी स्टेजवर चढायचं, आणि स्टेजला सहा पायऱ्या. मी पर्स छातीशी धरून त्या झगमगाटाकडे बघत उभी राहिले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. साडेदहाला आमच्या परिषदेची पाहुणी धनश्री येणार होती, व्हीलचेअरवरून, आणि तिला मी फोनवर एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं, अगं रॅम्प आहे, चांगला मोठा आहे, तू काही काळजी करू नकोस.

चौतीस वर्षं मी मराठी शिकवलं. एका शब्दाचे दोन अर्थ लिहून आणा म्हणून पोरांना पिडलं, 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे सरकारचा, आणि सुरतेत उभा जन्म काढून मला हे कळू नये? या गावात शेंबड्या पोराला विचारा रॅम्प म्हणजे काय, ते कमरेवर हात ठेवून चालून दाखवील. योगेंद्रभाई या हॉलचे मॅनेजर. त्यांना फोन केला तेव्हा माझ्या कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, हेही मला आठवतंय. मी विचारलं, "रॅम्प छे?" ते म्हणाले, "छे ने, बेन! चालीस फूटनो. आखा सुरतमां आवो नथी." दरवाजा? "बहु मोटो. वरघोडानो घोडो अंदर सुधी आवे छे, तमे शुं वात करो छो!" मी हसले. नवरदेवाचा घोडा जिथे आतपर्यंत येतो, तिथे एक खुर्ची यायला काय धाड भरली, असं मला वाटलं. घोडा पायऱ्या चढतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. धनश्रीने तीन गोष्टी विचारायला सांगितल्या होत्या: रॅम्प, दरवाजा आणि टॉयलेट. तिसरी मला विचारताच आली नाही. परक्या पुरुषाला फोनवर संडासाचं काय विचारायचं, जीभ रेटेना. मी म्हटलं, "बाकीनी सगवड?" ते म्हणाले, "फर्स्ट क्लास." मी वहीत तिन्हीपुढे बरोबरच्या खुणा केल्या, चांगल्या लाल पेनाने, आणि कुकर उतरवला.

तिने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. मानधन नको म्हणाली, शाल नको, श्रीफळ नको, हॉटेल माझं मी बघते म्हणाली. "फक्त एक, बाई. मला कुणी उचलायचं नाही. कितीही प्रेमाने नाही." हे ती हसत म्हणाली, आणि मीही हसत "छे गं" म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ ओट्याशी नुसती उभी राहिले. कारण उचलणं म्हटलं की मला गणपत महाजन दिसतो, तिचा बाप. गोडादऱ्याला राहायचा, लूमवर होता, रात्रपाळी करून सकाळी सुटला की तसाच, केसांत कापसाची लव घेऊन, पोरीला पाठुंगळी मारून शाळेत आणायचा. लिंबायतजवळची आमची शाळा, सातवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. छत्तीस पायऱ्या. मी वरून बघत उभी असायची. आधी त्याचा श्वास ऐकू यायचा, मग डोकं दिसायचं, मग त्याच्या खांद्यावरून धनश्रीचे दोन डोळे. बाकावर तिला ठेवायचा, तिचे पोलिओचे पाय हाताने सारखे करायचा आणि मी काही म्हणायच्या आत सांगायचा, "मनी पोर जड नई शे, बाई." मी कधी म्हटलंच नव्हतं की जड आहे.

योगेंद्रभाईंना गाठलं तर ते खरोखर दुःखी झाले. कानाला हात लावले. "बेन, आप बोलते ना के चेअर के लिए! मैं समझा आपका भी शो है." मराठी शिक्षकांचा शो! दोनशे मास्तर आणि बाया त्या माळांमधून चालत येताहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला तशातही हसू फुटलं, मग रडू आल्यासारखं झालं. रॅम्पचं मेलं एक वेळ राहू दे, ती खालीच बसून बोलली असती. पण हॉलच्या दाराशीच पाच पायऱ्या होत्या, रुंद, गुळगुळीत, संगमरवरी. मी दर वेळी कठड्याला धरून चढते आणि गुडघ्यांना शिव्या देते, पायऱ्यांकडे कधी बघतच नाही. त्यांच्या वर बरोबर मध्ये आमचा बॅनर लावलेला: 'शाळा सर्वांची', मराठी माध्यमाच्या शिक्षकांची एकदिवसीय परिषद. घोषवाक्य माझंच. मंदारने, म्हणजे पांडेसऱ्याच्या शाळेतल्या आमच्या तरुण संयोजकाने, ते मोठ्या अक्षरांत छापून घेतलं होतं आणि मला फोटो पाठवला होता. मी त्याला अंगठा पाठवला होता.

मंडपवाल्यांकडे एक फळी होती, जेवणाची पातेली सरकवायची. ती पायऱ्यांवर टाकून बघितली तर अशी उभी राहिली की मी दोन पावलं टाकली आणि चप्पल सुटली, मंदारने दंड धरला म्हणून वाचले. "बाई, तुम्ही उगाच जिवाला लावून घेताय," तो म्हणाला. "आपले चार जण आहेत ना, प्रोसेस मिलमधले, रोज कापडाचे गठ्ठे उचलतात. ताईंना खुर्चीसकट अलगद वर नेतील, पोटातलं पाणी हलणार नाही." मी म्हटलं, तिने नको सांगितलंय. तो म्हणाला, "अहो, सगळे संकोचाने नको म्हणतात. माणुसकी आहे की आपल्यात." या गावात रस्त्यात कुणी पडलं तर दहा हात पुढे येतात, नाव-गाव न विचारता. मला स्वतःला रिंगरोडवर असंच उचललं होतं, सात वर्षांपूर्वी, रिक्षा उलटली तेव्हा. मला तेव्हा बरंच वाटलं होतं. पण ते एकदा. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी आणि मध्ये लघवी लागली तर आणखी एकदा, हे मी मंदारला सांगायला हवं होतं. मी ते सांगितलं नाही. तोंडाशी आलं आणि परतलं.

ते असं परतण्याची मला जुनी सवय आहे. त्या वर्षी दिवाळीच्या आधी गणपतची पाळी बदलली. दारात उभा राहून म्हणाला, "मनी पाळी बदलनी, बाई. आते पोरले कोन चढाडी?" मी म्हटलं, बघू काहीतरी. बघितलं म्हणजे काय केलं, तर वर्गातली चार दांडगी पोरं नेमली. ती तिला लाकडी खुर्चीत बसवून वर आणायची, जिन्यात "हैशा" ओरडायची, फ्रॉक वर जायचा तो ती दोन्ही हातांनी दाबून धरायची, आणि वर आल्यावर वर्ग टाळ्या वाजवायचा. मीसुद्धा वाजवल्या. मला वाटलं, केवढं हे पोरांचं मन. मुलींची मुतारी खाली होती. एके दिवशी तिसऱ्या तासाला ती बाकावरच कलंडली. तोंडावर पाणी मारलं, ओठ सुकलेले, पापुद्रे निघालेले. शेजारची पोरगी म्हणाली, "बाई, ती सकाळपासून पाणीच पीत नाही. रोजच पीत नाही." मला कळलं. शपथेवर सांगते, त्याच क्षणी सगळं लख्ख कळलं. आणि मी तिच्या केसांवरून हात फिरवून म्हटलं, "बाळा, पाणी पीत जावं."

तळमजल्यावर एक खोली होती. तीत तुटकी बाकं आणि गणेशोत्सवाचं मखर ठेवलेलं. मी मुख्याध्यापकांकडे गेले, म्हटलं, सर, सातवी खाली आणू या का? त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "जूनमध्ये बघू, शैलजाबाई." मी "बरं" म्हणाले. दुसऱ्यांदा विचारलं नाही. का विचारलं नाही, याची चोवीस वर्षं मी कारणं शोधते आहे, आणि खरं कारण इतकं क्षुल्लक आहे की सांगायला लाज वाटते: मला ते कटकट्या म्हणतील असं वाटलं. पुढे धनश्री वर येईचना. पोरांना म्हणाली, मला खालीच राहू द्या. जिन्याखाली पोतं टाकून दप्तर घेऊन बसायची आणि मी वरून एका मुलीबरोबर शुद्धलेखन खाली पाठवायची, तपासून परत पाठवायची. मला त्याचाही अभिमान होता, बघा. पंधरा दिवसांनी तेही संपलं. गणपतने तिला अमळनेरला तिच्या मावशीकडे धाडलं, तिथली शाळा बैठी होती म्हणे. रजिस्टरात शाळा सोडल्याचं कारण लिहायचं असतं. मी लिहिलं, 'आजारी'. माझं अक्षर चांगलं आहे.

पावणेदहाला अशोकराव आले, आमच्या संघाचे अध्यक्ष, स्वभावाने गरीब माणूस. मी त्यांना पायऱ्यांपाशी गाठलं. जेवणाचा मंडप शेजारच्याच मोकळ्या जागेत घातलेला होता, सपाट जमिनीवर, कनात, पंखे, सगळं. म्हटलं, परिषद इथे घेऊ या. जेवण तासभर पुढे ढकलू. ते घाबरलेच. "अहो, माइक वर, एसी वर, पडदा वर. माणसं काय तेलाच्या वासात बसवायची? आता ऐन वेळी नको. पुढच्या वर्षी नक्की बघू." आणि मी, साठ वर्षांची बाई, नोकरी संपलेली, कुणी माझं काही वाकडं करू शकत नाही अशी, मी म्हणाले, "बरं." शब्द बाहेर पडला आणि मला तो ऐकू आला. लोक नाश्त्याचा लोचो खाऊन हात पुसत पायऱ्या चढत होते, मला नमस्कार करत होते, "बाई, तब्येत बरी ना?" विचारत होते, आणि मी मान हलवत होते.

ती वेळेआधीच आली, दहा-वीसला. ड्रायव्हरने मागून निळी, हलकी खुर्ची काढून उघडली आणि ती टॅक्सीतून हाताच्या जोरावर तीत सरकली, कुणाच्या मदतीची वाट न बघता, पटकन. छत्तीसची असेल. केस आखूड कापलेले, डोळे तेच. नाशिकच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. "बाई, किती पांढऱ्या झालात!" म्हणत तिने माझे दोन्ही हात धरले. मग तिने माझ्या मागे बघितलं. बघणं कसलं, मोजणं. "पाच," ती म्हणाली. "रॅम्प मागून आहे का?" मी म्हटलं, "आत आहे. चाळीस फुटांचा. साड्यांच्या शोचा." क्षणभर तिला कळलं नाही, आणि मग ती जी हसायला लागली! चाकं धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसले. आम्ही दोघी त्या पायऱ्यांपाशी वेड्यासारख्या हसत होतो, आणि मग तिचं थांबलं आणि माझं थांबायला जरा उशीर झाला. तोवर ते चौघे आले होते, हात जोडून, आदबीने. एकाने खुर्चीच्या मुठीला हात घातला. तिने खटकन ब्रेक लावला. "दादा, हात काढा." मंदार म्हणाला, "ताई, आम्ही पाडणार नाही हो." "माहीत आहे," ती म्हणाली. "वडिलांनीही कधी पाडलं नाही मला." मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाई, मी इथे सावलीत बसते. तुमचं चालू द्या. भाषणाचे कागद आहेत माझ्याकडे, हवं तर वर पाठवा, कुणीतरी वाचेल." तिच्या स्वरात राग असता तर मला बरं वाटलं असतं. पण तिने पिशवीतून खरंच कागद काढले आणि माझ्यापुढे धरले. कुणीतरी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली होती. ती तिने मांडीवर ठेवली.

कागद घेऊन मी वर गेले. मला गुडघे आठवले नाहीत. सरस्वतीच्या फोटोला हार घालणं चाललं होतं. स्टेजच्या सहा पायऱ्या चढले, टेबलावरचा माइक घेतला आणि उभं कुठे राहायचं ते न सुचून त्या रॅम्पवर चालत सुटले. माळा लागलेल्याच होत्या. समोर दोनशे चेहरे, त्यांतले निम्मे माझ्या हाताखालून गेलेले. टोकाला जाऊन उभी राहिले. "अशोकराव," मी म्हटलं, आणि माइकने माझा आवाज केवढा तरी केला, "मी मघाशी विचारलं होतं. आता दुसऱ्यांदा विचारते. परिषद खाली घ्यायची का?" ते गडबडून उठले, बसले. मागून कुणीतरी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "आजच्या पाहुण्या खाली आहेत आणि आपण वर आहोत, हे झालं. त्यांना उचलून आणायला चार जण तयार आहेत. इतकी उचलायची हौस असेल तर खुर्च्या उचला. प्रत्येकाने आपापली. चला, उठा." हा आवाज मी निवृत्तीच्या दिवशी शाळेतच ठेवून आले असं मला वाटत होतं. पहिली उठली पांडेसऱ्याची एक लठ्ठ बाई, मग तिच्या शेजारची, मग खुर्च्यांचा असा खडखडाट झाला की योगेंद्रभाई धावत आले. सगळे आले नाहीत. तीसेक जण एसीत बसून राहिले, बघू कधी सुरू होतंय म्हणत. पण बाकीचे खुर्च्या डोक्यावर घेऊन त्या पाच पायऱ्या उतरले.

धनश्री अर्धा तास बोलली. मागे पातेल्यांची आदळआपट, वर पंख्याची घरघर, तेलाचा वास होताच. तिने गेल्या तीस वर्षांत शाळा सुटलेल्या मुलांच्या नोंदी गोळा केल्या होत्या, खानदेशातल्या, इकडच्याही. स्थलांतर इतके टक्के, घरकाम इतके, आजारी इतके. "यातल्या आजारी लिहिलेल्या मुलांपैकी मला दोनशे अकरा जणं सापडली," ती म्हणाली. "त्यांना विचारलं. त्यातली बरीचशी कधी आजारीच नव्हती. एकाही रजिस्टरात 'जिना' असं कारण लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं. मग कुणाला तरी तो दिसला असता." तिने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तरी मी काय करणार होते? माझ्या मांडीवर तिचे कागद होते आणि त्यांच्या कडा माझ्या घामाने ओल्या झाल्या होत्या. टाळ्या खूप झाल्या. अशोकराव डोळे पुसत म्हणाले, "बाई, खाली घेतलं ते फार छान झालं हो." मंदारने फोटो काढले. आणि मला, खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटलं. चोवीस वर्षांनी जीव भांड्यात पडला. मी सुटले असं वाटलं.

पानं मांडायला घेतली तशी मी तिला म्हटलं, "चल, तुला माझ्या शेजारी बसवते. उंधियू आहे, पुरी आहे." ती म्हणाली, "नको बाई, निघते. नाशिक सहा तास आहे." मी म्हटलं, अगं असं कसं, दोन घास खाऊन जा. सकाळपासून काही खाल्लं नसशील. "जेवलं की पाणी लागतं," ती म्हणाली. तेव्हा माझी नजर तिच्या मांडीकडे गेली. बाटली तशीच होती. झाकणाचं सील तुटलेलं नव्हतं. अर्धा तास बोलून तिचे ओठ सुकले होते. मी वळून हॉलकडे बघितलं. बायकांच्या टॉयलेटची पाटी आत होती, पाच पायऱ्यांच्या वर, डाव्या हाताला. फर्स्ट क्लास. तिला ते आल्याआल्याच कळलं असणार, पायऱ्या मोजल्या तेव्हाच. "चिखलीच्या पुढे एक हॉटेल आहे, तिथलं चालतं," ती मला धीर दिल्यासारखी म्हणाली. "दीड तास फक्त. मला रस्त्यावरची गावं अशीच पाठ आहेत."

"माझ्या घरी चल," मी म्हणणार होते. ओठांवर आलं होतं. उधन्याला घर, इथून दहा मिनिटं. स्वच्छ, मोठं बाथरूम, गेल्याच वर्षी फरशा बदलल्यात. आणि मग मला माझा जिना दिसला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. सव्वीस वर्षं मी तिथे राहते, सव्वीस वर्षं रोज चढते-उतरते, कुकर लावते, फोनवर लोकांना म्हणते, या ना घरी कधीतरी. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी काहीतरी म्हणेन म्हणून. ड्रायव्हरने दार उघडलं, ती आत सरकली, खुर्ची मिटली. काचेतून हात बाहेर काढून तिने बाटली माझ्या हातात दिली. "गरम झालीय," ती म्हणाली, "तुम्ही प्या, बाई. तुम्हाला घाम आलाय." चोवीस वर्षांपूर्वी तिला पाणी पीत जा म्हणाले होते. आज तेवढंही म्हणता येईना. टॅक्सी वळून उधन्याच्या रस्त्याला लागली आणि मी बाटली हातात धरून उभी राहिले. घशाला कोरड पडली होती, तरी मला ती उघडता येईना.